इंग्रजी पदवी अभ्यासातील लेखन आणि वक्तृत्वविचार : औंढा नागनाथच्या परिसरातून एक चिकित्सा

इंग्रजी हा मुख्य विषय घेऊन पदवी मिळविणारा विद्यार्थी शेक्सपिअर, वर्ड्‌स्वर्थ, डिकन्स वाचतो की नाही याची चौकशी सर्वत्र होते. तो स्वतः काय लिहितो, कोणासाठी लिहितो आणि त्याचे लेखन कोणी वाचते काय, याची चौकशी मात्र सहसा होत नाही. उत्तरपत्रिकेबाहेर त्याच्या हातून इंग्रजीत सलग चार पाने क्वचितच लिहिली जातात आणि उत्तरपत्रिकेतील पाने बहुधा त्याची नसतात. एकच परिच्छेद, त्याच शब्दांत आणि त्याच चुकीसह, अनेक उत्तरपत्रिकांत भेटण्याचा अनुभव ग्रामीण महाविद्यालयांतील इंग्रजीच्या अध्यापकांच्या परिचयाचा आहे. पूर्वी हा परिच्छेद बाजारातील गाईडमधून येत असे. आता तो भ्रमणध्वनीवरील यंत्राकडून तयार होऊन येतो आणि त्यात व्याकरणाची चूकही नसते. म्हणजे ज्या एका खुणेवरून परीक्षकास विद्यार्थ्याचा हात ओळखता येत होता, तीही आता पुसली गेली आहे.

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ आणि त्याचा परिसर समोर ठेवून प्रस्तुत लेखात या अवस्थेची चिकित्सा केली आहे. येथील इंग्रजीचा विद्यार्थी बहुतांशी मराठी माध्यमातून आलेला असतो आणि अनेकदा त्याच्या घरातील तो पहिलाच पदवीधर ठरणार असतो. इंग्रजीच्या पदवी अभ्यासात त्याच्या दोन गोष्टी मोजल्या जातात : स्मरण आणि शुद्धता. एखादे म्हणणे मांडून ते वाचकास पटविण्याचे त्याचे सामर्थ्य कोठेही मोजले जात नाही, आणि म्हणून ते शिकविलेही जात नाही. वास्तविक या सामर्थ्याची जोपासना हाच रेटॉरिक या प्राचीन विद्याशाखेचा विषय होय.

एका शब्दाचा संकोच

रेटॉरिक या शब्दासाठी मराठीत वक्तृत्वशास्त्र आणि अलंकारशास्त्र असे दोन प्रतिशब्द वापरले जातात. हे दोन शब्द एकाच वस्तूची नावे नाहीत, आणि यांतील दुसऱ्या शब्दाने अध्यापनाचे बरेच नुकसान केले आहे. भारतातील अनेक विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत ‘रेटॉरिक अँड प्रॉसडी’ असे जोडनाव दीर्घकाळ नांदले. त्याचा प्रत्यक्षातील अर्थ उपमा, रूपक, चेतनगुणोक्ती ओळखणे आणि ओळीचे गण पाडणे एवढाच उरला. विद्यार्थी कवितेतील रूपक ओळखतो. परंतु कवीला त्या ठिकाणी रूपकाची गरज का भासली, साधे विधान का पुरले नाही, हा प्रश्न त्याच्यापुढे येत नाही.

सिसेरो आणि क्विंटिलियन यांच्या रोमन परंपरेत या विद्येची पाच अंगे मानली होती : काय बोलावे याचा शोध, त्याची मांडणी, शैली, स्मरण आणि सादरीकरण. आजच्या प्रश्नपत्रिकेकडे या पाच अंगांच्या दृष्टीने पाहिले असता विलक्षण चित्र दिसते. शोध प्रश्नकर्त्याने आधीच करून ठेवलेला असतो, मांडणी गाईडकाराने केलेली असते, शैली उसनी असते, सादरीकरणास वाव नसतो. पाचांपैकी स्मरण हे एकच अंग विद्यार्थ्याच्या वाट्यास उरते. ज्या अंगास प्राचीनांनी साधन मानले तेच येथे साध्य होऊन बसले आहे.

हा संकोच एकट्या भारतात झाला असे मानण्याचे कारण नाही. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने १८७४ मध्ये प्रवेशपरीक्षेत इंग्रजी निबंध अनिवार्य केला. प्रमाणभूत लेखकांच्या कृतींवरील विषय आणि वर्णलेखन, विरामचिन्हे, व्याकरण यांची शुद्धता ही त्याची कसोटी होती. तेथील महाविद्यालयीन लेखनवर्गांचा पाया असा चुकांच्या मोजणीवर घातला गेला. त्यातून बाहेर पडून वाचक, प्रसंग आणि युक्तिवाद यांचा विचार पुन्हा केंद्रस्थानी आणण्यास तेथील अध्यापकांना जवळजवळ एक शतक लागले. आज तेथील काही विद्यापीठांत लेखन व रेटॉरिक हा पदवीचा स्वतंत्र मुख्य विषय आहे. भारतात मात्र साहित्याचा इतिहास आला, समीक्षेचे सिद्धान्त आले, नंतर संभाषणकौशल्यही आले. लेखन तेवढे मागेच राहिले.

‘गुलामगिरी’, ‘निबंधमाला’ आणि शुद्धतेचा प्रश्न

इंग्रजीच्या अभ्यासाने लेखन घडू शकते याचा मराठीतील सर्वांत ठळक पुरावा म्हणून विष्णुशास्त्री चिपळूणकरांचे नाव घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. हार्वर्डचा तो निबंध सुरू झाला त्याच वर्षी, १८७४ मध्ये, ‘निबंधमाला’ सुरू झाली आणि १८८१ पर्यंत तिचे ८४ अंक निघाले. डॉ. जॉन्सन, मेकॉले आदी इंग्रजी गद्यकारांचा विष्णुशास्त्र्यांवरील संस्कार सर्वमान्य आहे. जॉन्सनवर त्यांनी विस्ताराने लिहिले. त्याच्या ‘रासेलस’चे वडील कृष्णशास्त्री यांनी हाती घेतलेले भाषांतर त्यांनी पूर्ण केले. येथे महत्त्वाचे हे की, इंग्रजी वाचनाचे फळ त्यांनी परीक्षकास दिले नाही. ते मराठी वाचकास दिले. इंग्रजी निबंधातील वाक्यबंध, वाचकाशी थेट संवाद, प्रतिपक्षावरील हल्ला, उपरोध ही सारी सामग्री त्यांनी मराठी गद्यात आणली. वक्तृत्व, भाषापद्धती, लेखनशुद्धी हे त्यांच्या निबंधांचे विषयही होते. रेटॉरिकचा असा सर्वांगीण अभ्यास त्या काळातील दुसऱ्या मराठी लेखकाच्या ठिकाणी आढळणे कठीण.

असे असूनही विष्णुशास्त्री हे आजच्या औंढ्यातील विद्यार्थ्यासाठी पुरेसे उदाहरण नाहीत, किंबहुना एका बाबतीत ते सावधगिरीचे उदाहरण आहेत. जोतीराव फुले यांच्या लेखनाचा समाचार घेताना त्यांनी भाषेच्या अशुद्धतेवर आणि व्याकरणावर जो उपहास केला, त्याने फुल्यांच्या युक्तिवादास उत्तर दिले गेले नाही. प्रतिपक्षाचे म्हणणे न मांडताच त्यास हास्यास्पद ठरविणे ही वक्तृत्वाची एक युक्ती आहे. परंतु ती दुबळी युक्ती आहे. लाल शाईने शब्दाशब्दांखाली रेघा ओढून, निबंधातील म्हणण्याविषयी एक अक्षरही न लिहिता, वही परत करणारा अध्यापक नकळत याच युक्तीचा अवलंब करीत असतो.

आता १८७३ मधील ‘गुलामगिरी’कडे पाहावे. पुस्तक मराठी आहे. परंतु त्यास इंग्रजी प्रस्तावना आहे आणि गुलामगिरी नष्ट करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना ते अर्पण केलेले आहे. मुख्य ग्रंथ सोळा भागांचा असून त्यात जोतीराव आणि धोंडीबा यांचा संवाद आहे. एकाच लेखकाने, एकाच पुस्तकात, एकाच अन्यायाविषयी दोन भाषांतून दोन वाचकांशी बोलावे आणि दोन्ही ठिकाणी रीत बदलावी, ही गोष्ट रेटॉरिकच्या वर्गासाठी अनमोल आहे. इंग्रजी प्रस्तावनेत राज्यकर्ता आणि सुशिक्षित वाचक समोर आहे, म्हणून तेथे युक्तिवाद, इतिहास आणि शासनाच्या शिक्षणविषयक धोरणावरील टीका येते. मराठी संवादात धोंडीबाच्या शंका पुढे येतात आणि त्या शंकांच्या आधारे विषय उलगडत जातो. पुढे १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे फुल्यांनी इंग्रजीत निवेदन सादर केले, तेव्हा तिसराच वाचक आणि तिसराच प्रसंग होता. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या आणि पदवी नसलेल्या या लेखकाने वाचक, प्रसंग आणि हेतू यांचा जो विचार केला, तो आज इंग्रजीच्या कोणत्या प्रश्नपत्रिकेत विचारला जातो? ‘गुलामगिरी’ मराठीच्या, इतिहासाच्या आणि राज्यशास्त्राच्या वर्गात जाते; तिची इंग्रजी प्रस्तावना मात्र इंग्रजीच्या वर्गात सहसा येत नाही, हे आश्चर्यच म्हटले पाहिजे.

मराठवाड्यात या परंपरेचे पुढील दुवे आहेत. निजामी राजवटीत उस्मानिया विद्यापीठाचे (१९१८) माध्यम उर्दू होते. त्यामुळे इंग्रजी आणि मराठी यांचा मुंबई-पुण्यात घडला तसा दीर्घ सहवास या प्रदेशास लाभला नाही. १९५० मध्ये औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे मिलिंद महाविद्यालय सुरू झाले. त्या परिसरात इंग्रजीचे प्राध्यापक म. ना. वानखडे यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याचा परिचय मराठी दलित लेखकांना करून दिला. १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. त्याचे पहिले कुलगुरू डॉ. जनार्दन वाघमारे हेही इंग्रजीचे प्राध्यापक, आणि ‘अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती’ हा त्यांचा ग्रंथ मराठीत आहे. या दोघांनी इंग्रजीत वाचलेले मराठी वाचकासाठी लिहिले. वाचक ठरलेला असला की लेखनास आकार येतो.

चुकीमागील विचार

शुद्धतेचा आग्रह सोडावा असे येथे सुचवावयाचे नाही. अशुद्ध इंग्रजी लिहिणाऱ्या पदवीधरास नोकरीच्या बाजारात काय सोसावे लागते हे अध्यापकांना ठाऊक आहे. त्यास ‘चुका चालतील’ असे सांगणे ही फसवणूक ठरेल. प्रश्न आहे तो चूक वाचण्याच्या रीतीचा. न्यूयॉर्कच्या सिटी विद्यापीठाने १९७० मध्ये आपले दरवाजे सर्व शालान्त विद्यार्थ्यांना खुले केले, तेव्हा लेखनाची सवय नसलेले सहस्रावधी विद्यार्थी वर्गात आले. तेथील अध्यापिका मीना शॉनेसी यांनी अशा विद्यार्थ्यांचे सुमारे ४,००० निबंध अभ्यासले आणि १९७७ मध्ये ‘एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. या चुका निष्काळजीपणाच्या नसून त्यांना स्वतःचे तर्कशास्त्र असते, हे त्यांचे प्रतिपादन होते.

मराठीभाषक विद्यार्थ्याच्या बाबतीत हे पडताळून पाहणे अवघड नाही. ‘तो म्हणाला की मी येतो’ हे निर्दोष मराठी वाक्य आहे. ‘की’नंतर बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवण्याची मराठीची रीत आहे. विद्यार्थी इंग्रजीत ‘ही सेड दॅट आय ॲम कमिंग’ असे लिहितो तेव्हा तो एका भाषेचा नियम दुसऱ्या भाषेत प्रामाणिकपणे पाळीत असतो. इंग्रजी वाचक मात्र ‘आय’ म्हणजे लेखक असे समजतो आणि येणारा माणूसच बदलतो. ‘ए’ आणि ‘द’ ही उपपदे गळतात, कारण मराठीत तशी उपपदे नाहीत. ही कारणे मराठी जाणणाऱ्या अध्यापकासच सांगता येतात. लंडनमधील शिक्षकास ती दिसणार नाहीत. औंढ्यातील इंग्रजीच्या अध्यापकाचा हा मोठा लाभ आहे आणि वर्गात मराठी वर्ज्य मानणाऱ्या संकेतामुळे तो वाया जातो.

नामदेवांची परीक्षा आणि नामदेवांचे शिक्षण

औंढा नागनाथशी निगडित असलेली एक सर्वश्रुत कथा या संदर्भात पुन्हा वाचण्याजोगी आहे. संतमंडळी गोरोबांच्या घरी जमली असता गोरोबांनी कुंभाराचे थापटणे हाती घेऊन एकेकाच्या मस्तकावर मारून पाहिले आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरविले. नामदेव दुखावले. पुढे ते औंढ्यास विसोबा खेचरांकडे आले, तेव्हा विसोबा शिवलिंगावर पाय ठेवून पडलेले होते. नामदेवांनी आक्षेप घेतला. विसोबांनी सांगितले की, जेथे देव नसेल तेथे माझे पाय उचलून ठेव. नामदेव पाय हलवीत गेले आणि प्रत्येक ठिकाणी लिंगच आढळले.

या कथेचा पारमार्थिक अर्थ कीर्तनांतून शतकानुशतके सांगितला गेला आहे. अध्यापनाच्या दृष्टीने पाहता तीत दोन प्रकारचे मूल्यमापन शेजारी शेजारी ठेवलेले दिसते. गोरोबांचा निर्णय बरोबर होता. परंतु ‘कच्चे’ या एका शब्दाने नामदेव पक्के झाले नाहीत. विसोबांनी निर्णय दिलाच नाही. त्यांनी एक काम दिले, आणि त्या कामातून नामदेवांचे मूळ गृहीतक नामदेवांच्याच हातून मोडले. विद्यापीठीय परीक्षा गोरोबांचे थापटणे आहे आणि ते असावयासही हवे. तथापि परीक्षेच्या आधी विसोबांनी दिले तसे काम देण्याची तरतूद अभ्यासक्रमात कोठे आहे, हे शोधूनही सापडत नाही. नामदेवांची पुढील वाटही येथे लक्षणीय आहे. शीखांच्या गुरुग्रंथसाहेबात त्यांची ६१ पदे समाविष्ट आहेत. नरसी-पंढरपूरचा हा कवी मायबोलीबाहेरच्या भाषेत, निराळ्या श्रोत्यांसाठी रचना करू शकला, हे दुसऱ्या भाषेतील लेखनाचे या जिल्ह्यातील पहिले थोर उदाहरण मानता येईल.

मराठी गद्याचा उगमही याच गोदावरी खोऱ्याच्या परिसरात आहे. केशिराजबासांच्या ‘दृष्टांतपाठा’त चक्रधरस्वामींचे ११४ दृष्टांत संकलित आहेत आणि प्रत्येकाची रचना सूत्र, दृष्टांत, दार्ष्टांतिक अशी तीन अंगी आहे. प्रथम विधान, मग उदाहरण, मग ते उदाहरण विधानास कसे लागू पडते याचे स्पष्टीकरण. इंग्रजी परिच्छेद शिकविताना हेच तीन टप्पे सांगितले जातात आणि विद्यार्थी तिसरा टप्पा नेमका गाळतो. उदाहरण दिले की काम झाले असे त्यास वाटते. ‘दार्ष्टांतिक राहिले’ एवढा शेरा त्याच्या वहीवर लिहिला तर तो कोणत्याही इंग्रजी पाठ्यपुस्तकातील सूचनेपेक्षा लवकर समजेल.

कीर्तनाच्या परंपरेविषयी असेच म्हणण्याचा मोह होतो, पण तेथे थोडे थांबावे लागते. वारकरी कीर्तनकार एक अभंग घेऊन त्याचा पदर पदर उलगडतो, प्रमाण देतो, दृष्टांत देतो, श्रोत्यांचा कल ओळखून लय बदलतो. रोमन परंपरेतील पाचही अंगे त्याच्या ठिकाणी नांदतात आणि औंढ्याच्या विद्यार्थ्याने ती लहानपणापासून ऐकलेली असतात. असे असले तरी कीर्तनाचा श्रोता आधीच भाविक असतो आणि संतवचन उद्धृत झाले की वाद संपतो. विद्यापीठीय निबंधात अवतरणाने वाद संपत नाही, तेथून तो सुरू होतो. समीक्षकाचे वाक्य उद्धृत करून पुढच्या मुद्द्याकडे वळण्याची विद्यार्थ्यांची आणि, सत्य सांगावयाचे तर, अनेक शोधनिबंधकारांची सवय या प्रमाणपद्धतीशी नाते सांगते.

त्यावरील उतारा याच जिल्ह्यात उपलब्ध आहे. आजच्या हिंगोली जिल्ह्यात १९३२ मध्ये जन्मलेले नरहर कुरुंदकर महाराष्ट्रास विचारवंत आणि वक्ते म्हणून परिचित आहेत. त्यांच्या लेखनाचे एक वैशिष्ट्य म्हणजे पूर्वपक्षाची निर्भय मांडणी. ज्या मताचे खंडन करावयाचे ते मत त्याच्या समर्थकासही मान्य होईल इतक्या ताकदीने ते आधी उभे करतात. रणजित देसाई यांच्या ‘श्रीमान योगी’स जोडलेली त्यांची पत्ररूप प्रस्तावना याचा नमुना म्हणून वर्गात वाचता येईल : स्नेही लेखकास लिहिलेले पत्र, विषय शिवचरित्राचा, आणि श्रद्धेच्या विषयावर प्रश्न विचारण्याची रीत मात्र अभ्यासकाची. विष्णुशास्त्र्यांनी फुल्यांना जे नाकारले ते कुरुंदकर आपल्या प्रतिपक्षास देतात.

एक शक्य पाठ

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०च्या अंमलबजावणीत मेजर, मायनर, क्षमतावर्धन, भारतीय ज्ञानप्रणाली असे नवे कप्पे अभ्यासक्रमात आले आहेत. ज्ञानप्रणालीच्या कप्प्यात रससिद्धान्ताच्या व्याख्या आणि क्षमतावर्धनाच्या कप्प्यात अर्जाचे नमुने पाठ करून घेतले गेले, तर कप्पे वाढतील आणि अवस्था तीच राहील. त्याऐवजी या परिसरातील एखादा खरा प्रसंग घ्यावा. औंढा परिसरात गुरुत्वीय लहरींच्या संशोधनासाठी लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहत आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मान्यता दिली. खर्च सुमारे २,६०० कोटी रुपये असून तिच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या असतील. इतक्या संवेदनशील यंत्राच्या शेजारी रस्ता, विहिरीतील स्फोट, जड वाहने यांचे काय, असे प्रश्न गावात निघणे स्वाभाविक आहे.

विद्यार्थ्याने या प्रश्नांवर गावकऱ्यांसाठी मराठीत एक पान आणि शास्त्रज्ञांसाठी इंग्रजीत एक पत्र लिहावे. दोहोंत कोणता मुद्दा आधी आला, कोणता गाळला आणि का, याची टीप जोडावी. यंत्राकडून पत्र लिहून घेता येईल, ही टीपही मागता येईल. परंतु वर्गात उभे राहून ‘हा मुद्दा गावासाठी का गाळलास?’ या प्रश्नास उत्तर त्यास स्वतःच द्यावे लागेल. फुल्यांनी ‘गुलामगिरी’त जे केले त्याचेच हे लहान रूप आहे, आणि ती इंग्रजी प्रस्तावना याच पाठाबरोबर वाचावयास देता येईल.

अडचण वेळेची आहे, आणि ती खरी आहे. मोठ्या वर्गातील प्रत्येक विद्यार्थ्याचा मसुदा दोनदा वाचणे एका अध्यापकास शक्य नाही. मात्र सत्रात एकच लेखन, त्याचे दोन मसुदे, पहिल्या मसुद्यावर व्याकरणाची एकही खूण न करता म्हणण्याविषयी एकच प्रश्न, आणि दुसऱ्या मसुद्यावर शुद्धता, एवढे जमण्यासारखे आहे. पहिला मसुदा सहाध्यायीही वाचू शकतात. त्यासाठी अंतर्गत मूल्यमापनातील गुण चाचणीकडून मसुद्यांकडे वळवावे लागतील, आणि तो निर्णय अभ्यासमंडळाच्या बैठकीत घ्यावा लागेल.